पाय घासत चालणारे बाबा

स्वयंपाकघरातून चपला घासल्याचा खरखर आवाज आला आणि लेक वही टाकून धूम पळाली. बाबा आले! अख्ख्या बिल्डिंगमध्ये असं पाय घासत चालणारं दुसरं होतंच कोण?

बाबा पाणबुडे. गेले कित्येक महिने लांब समुद्रावर कामाला. तिथे प्रवाळाजवळच्या उथळ पाण्यात विषारी दगडमासा अगदी दगडासारखा पडून असतो. पाय उचलून टाकला की पाठीवरचे काटे थेट तळव्यात! म्हणून पाय घासत चालायचं. ती सवय अशी जडली, की सुट्टीत बाबा घरातही तसेच चालायचे.

पण ओट्याजवळ उभी होती आई, बाबांच्या भल्यामोठ्या चपला घालून. लेकीचा चेहरा एवढासा झाला.

“फरशी झिजेल म्हणून तूच ओरडायचीस ना त्यांना?”

“माझ्या चपला ओल्या आहेत,” आई म्हणाली. आईला धड खोटंही बोलता येत नाही!

“फोन लावू बाबांना?”

“आत्ता पाण्यात असतील गं. फोन खोलीवरच असणार.”

“मग नुसता वाजू दे!”

आईने हसून स्पीकर लावला. तिकडे रिकाम्या खोलीत फोन वाजत राहिला आणि इकडे दोघी श्वास रोखून ऐकत राहिल्या.