आखूड हात

अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक संघांच्या निवडकर्त्यांपुढे ओडेल नुसत्या चड्डीवर उभा होता. बाजारातला बैल निदान शेपटी तरी झटकतो. त्याला तेवढीही मुभा नव्हती.

एकाने त्याच्या डाव्या हाताला मापाची टेप लावली. चेंडू फेकणाऱ्या क्वार्टरबॅकवर धावून येणाऱ्यांना हातांनी अडवणं, हेच ओडेलचं काम. "आखूड आहे रे! हा आमच्या क्वार्टरबॅकला काय वाचवणार?"

"कोपर सरळ होत नाही, सर. मोडलं होतं."

"कशानं?"

ओडेलची कानशिलं तापली. "आमच्या क्वार्टरबॅकवर धावून आलेल्याला अडवताना. तसाच शेवटपर्यंत खेळलो."

"म्हणजे जुनी दुखापतही! लिहा रे."

"मग हेही लिहा," ओडेल गरजला, "आमचा क्वार्टरबॅक पडला नाही!"

कुणीच लिहिलं नाही. पाठीमागे अजूनही तो क्वार्टरबॅक उभा असावा, तसा त्याचा वाकडा हात पुढेच राहिला.