हेनामामाने दिलेला वाटाड्या

गेल्या वर्षी विद्यापीठातली एक बाई नकाशा घेऊन माझ्याकडे आली होती. नकाशावर नुसते बाण. आमची होचंक बोली आणि तिच्या साऱ्या बहिणी, त्यांना ती सू कुळातल्या भाषा म्हणत होती, त्या बोलणारे लोक मुळात कुठले आणि कुठून कुठे गेले, याचा ती माग काढत होती. मी तिला नकाशावर मोठ्या सरोवराच्या काठची लाल दरड दाखवली. आम्ही तिथले. आयोवा आणि ओटो या जमाती, आमचे धाकटे भाऊबंद, तिथूनच नदी धरून खाली गेले, ते परत आले नाहीत. मग अमेरिकेच्या गोऱ्या सरकारने आम्हाला जिथून जिथून उठवलं ती ठिकाणं मी क्रमाने सांगितली. टर्की नदी, लांब कुरण, निळी माती, क्रो क्रीक, नेब्रास्का. माझी आजी टोपली विणताना हाच क्रम पुटपुटायची.

बाई म्हणाली, "तुमची स्मरणशक्ती दांडगी आहे."

मी हसले. हा रस्ता मी एका मेलेल्या बाईच्या मागे पालथा घातला आहे, हे काही तिला सांगितलं नाही.

मी तेव्हा अठरा वर्षांची होते. आमच्यात मुलांना जन्माच्या क्रमाने नाव मिळतं. पहिली मुलगी हिनू, दुसरी विहा. मी विहा. माझी आई हिनू, आणि तिचा भाऊ हेना, म्हणजे दुसरा मुलगा. मामा माझ्या जन्माआधीच फ्रान्समधल्या लढाईहून आला होता. त्याच्याकडे गरुडाचं पीस होतं, आणि ज्याने शत्रूला मारलं त्यालाच ते मिळतं.

आजी ऑगस्टमध्ये गेली. तिच्यासाठी चार रात्रींचा जागर झाला. जागराला लढवय्या लागतो. तो उठून आपण कुणाला, कुठे, कसं मारलं ते सांगतो आणि त्या मेलेल्याला हुकूम सोडतो, की या जिवाच्या पुढे चाल, विस्तव धर, वाट दाखव. सांगताना एक शब्दही पदरचा घालायचा नाही. घातला तर वाटाड्या येत नाही, आणि जीव वाटेतच राहतो. हे आमच्याकडे पोराटोरांनाही माहीत असतं.

चौथ्या रात्री हेनामामा उठला. "फ्रान्समध्ये एका ओढ्याच्या काठी मी एका जर्मनाला सुरीने मारलं," तो म्हणाला. "तो माझ्या आईच्या पुढे चालेल." आमचे वडीलधारे कूनूआजोबा मान डोलावत होते. बायकांनी त्याच्या नावाने आरोळी दिली. आम्ही मक्याचं सार आणि हरणाचं मटण जेवलो, आजीच्या वाट्याचं ताट थडग्याशी ठेवलं आणि पांगलो.

त्यानंतर आठवडाभर ती घरातच होती. दिसली नाही कधी. पण रोज सकाळी किटली चुलीवरून उतरवलेली असायची. भर दुपारी तिच्या तंबाखूचा वास यायचा. कुत्रं रिकाम्या पाटासमोर बसून शेपटी हलवायचं. आई जेवताना एक वाडगा जास्त मांडायची. मग एके दिवशी किटली जागच्या जागी दिसली आणि कुत्रं अंगणात जाऊन झोपलं. मला वाटलं, गेली. पोचली.

सप्टेंबरात नेब्रास्काहून आक्सीमावशीचं पत्र आलं. आक्सीमावशी म्हणजे आजीच्या बहिणीची मुलगी. आजी बारा वर्षांची असताना शिपायांनी आमच्या लोकांना इथून ऐन थंडीत आगगाडीत कोंबून तिकडे नेलं होतं. आजी वसंतात आपल्या आईबरोबर पायी परत आली. तिचा धाकटा भाऊ तिकडेच राहिला, मातीत. काही नातलगही तिकडेच राहिले. पत्र मी वाचलं, मोठ्याने.

"तुमची म्हातारी इथे येऊन गेली. आमच्या लाकडांच्या ढिगाशी दोन दिवस बसली होती, भावाच्या थडग्याकडे तोंड करून. जेवायला हाक मारली तर आली नाही. तिसऱ्या दिवशी बघते तर जागा रिकामी. इतक्या म्हाताऱ्या बाईला एकटीला पाठवलीत? हेनाला लाज कशी वाटली नाही?"

मामा दारात बसून कुदळीला दांडा बसवत होता. त्याचा हात थांबला. आजी गेल्याचं आमचं पत्र आक्सीमावशीला अजून मिळालेलं नव्हतं, हे उघड होतं.

आई चुलीकडे तोंड करून उभी होती. आमच्यात सख्खी बहीण भावाला तोंडावर असलं काही विचारत नाही. थट्टाही करत नाही, दोषही देत नाही. ती माझ्याशी बोलली.

"विहा, तुझ्या मामाला म्हणावं, पाणी हवंय का."

त्याला पाणी नको होतं हे तिलाही माहीत होतं. मामाला वाटेल ते बोलायचा हक्क घरात फक्त भाच्यांना, आणि त्यालाही आम्हाला. आमचा रोजचा तोच धंदा. तो म्हणायचा, "विहे, तुझा आवाज ऐकून बदकं दक्षिणेला लवकर गेली." मी म्हणायचे, "मामा, तुझ्या मोटारगाडीला बघून घोडी हसतात." आईने मला पुढे का केलं ते मला कळलं.

"काय रे मामा," मी म्हटलं, "तुझा जर्मन लंगडा होता का? की आंधळा? स्वर्गाची वाट सोडून आजीला नेब्रास्काला घेऊन गेला तो!"

अशा टोमण्याला त्याचं उत्तर तयार असायचं, आणि ते माझ्यापेक्षा वाईट असायचं. त्या दिवशी कुदळ भिंतीला टेकवून तो उठला.

"चल. गाडीत बस," तो म्हणाला.

"कुठे?"

"ती आहे तिथे."

आईने भाजलेल्या मक्याची पिशवी आणि तंबाखूची पुडी माझ्या हातात दिली. मामाकडे तिने पाहिलं नाही.

नेब्रास्काला पोचायला दोन दिवस लागले. आक्सीमावशीने आम्हाला दारातच धरलं.

"आलास? आता आलास! आणि म्हातारी कुठे सांडलीस?"

"मावशी, ती ऑगस्टमध्येच गेली," मी म्हटलं. "तिला पुरून आलोय आम्ही."

मावशी खाली बसली. तिने लाकडांच्या ढिगाकडे पाहिलं. मग म्हणाली, "तरीच. पायाखालचं गवत दबत नव्हतं. मला वाटलं, वाळलीये बिचारी." आणि मामाकडे वळून, "जागराला कोण बोललं?"

"मी," मामा म्हणाला.

तिच्या शेजाऱ्यांनी म्हातारीला जाताना पाहिलं होतं. आजी मिसुरी नदीच्या काठाकाठाने उत्तरेला गेली, एवढं तिने सांगितलं. निघताना मी आजीच्या भावाच्या थडग्यावर मका ठेवला. मामा गाडीतच बसून होता.

क्रो क्रीक हे आमच्यातलं कुणी मोठ्याने उच्चारत नाही असं ठिकाण. नेब्रास्काच्याही आधी आम्हाला इथे आणलं, आजी तेव्हा पाठीवरचं मूल होती. तिची आई शिपायांच्या घोड्यांच्या लिदीतले ओटचे दाणे वेचून, धुऊन शिजवायची. तिथे आता वारा आणि पिवळं गवत याशिवाय काही नव्हतं. नदीकाठी एक डकोटा बाई कपडे वाळत घालत होती. तिची बोली आणि आमची बोली लांबच्या चुलत बहिणी, अर्धं इंग्रजीत, अर्धं हातवाऱ्यांनी जमलं.

"काल एक म्हातारी होती," ती म्हणाली. "जुन्या तबेल्यापाशी वाकून जमिनीतून काहीतरी टिपत होती. मी भाकरी घेऊन गेले तर ओंजळ दाखवली. रिकामी होती."

उरलेले कपडे तसेच पाटीत टाकून ती घरात गेली.

मामाने गाडी सुरू केली नाही. सुकाणूच्या चाकावर हात ठेवून तो म्हणाला, "कळलं का तुला? ती उलटी चाललीये. आधी नेब्रास्का, मग हे. आता निळी माती, मग लांब कुरण, टर्की नदी. टोपली विणताना पुटपुटायची तेच रस्ते. दुसरी वाट दाखवायला पुढे कुणी नाहीच."

"शेवटी कुठे जाईल?"

"लाल दरडीला. दरडीपलीकडे आपला रस्ताच नाही. तिथे पोचली की काय करेल, सांग? परत खाली यायला लागेल. पुन्हा टर्की नदी, पुन्हा ते कुरण, पुन्हा इथे लीद चिवडायला. आणि मग पुन्हा वर."

"म्हणजे तू जागराला..."

"आपण तिच्या आधी लाल दरडीला पोचू," तो म्हणाला. "तिथे बोलतो. तिला ऐकू जाईल असं."

तीन दिवस आम्ही पूर्वेला चाललो. त्या तीन दिवसांत त्याने माझी एकदाही थट्टा केली नाही. मी एकदोनदा गाडीच्या नावाने खडे फोडून बघितले. तो नुसता हूं म्हणायचा. दोन ठिकाणी, रस्त्याकडेला, मला आजीच्या तंबाखूचा वास आला. मी ते त्याला सांगितलं नाही.

लाल दरडीवर गोऱ्या लोकांची उन्हाळ्यातली घरं होती, खिडक्यांना फळ्या ठोकलेली. दुपार होती, पण सरोवरावरून धुकं वर चढलं होतं आणि खालचा काठ मधूनमधूनच दिसत होता. मामाने टोपी काढली. आम्ही कडेला उभे राहिलो. त्याने तंबाखू हातात धरली आणि जागरात बोलतात तशा मोठ्या आवाजात तो बोलला.

"आई, मी खोटं बोललो. ओढा खरा आहे. जर्मनही खरा आहे. तोफेच्या खड्ड्यात मी पडलो तेव्हा तो तिथे आधीच होता, पोट फाटलेला. माझ्या हातात सुरी होती. मी ती वापरली नाही. माझ्याकडचं पाणी त्याला पाजलं. त्याने माझी बाही धरली आणि तोच तोच शब्द म्हणत राहिला. मला तो कळला नाही. दुपारी तो आपोआप मेला. मग आमचा सार्जंट आला, सुरी बघितली, माझी पाठ थोपटली. मी नाही म्हटलं नाही. घरी आलो तर तुम्ही ढोल लावून ठेवला होता. तू सगळ्यांत मोठी आरोळी दिलीस, आई. मग नाही म्हणायला जागाच राहिली नाही. वीस वर्षं झाली."

त्याने तंबाखू दुसऱ्या हातात घेतली.

"मारलेला असता तर त्याला हुकूम सोडता आला असता. तो माझा नाही. माझ्याकडे तुला द्यायला कुणी नाही. एवढंच खरं आहे."

मग, हळू, दुसऱ्याच कुणाशी तरी बोलल्यासारखं, तो म्हणाला, "पोरा, मी तुला बांधलेलं नाही. यायलाच पाहिजे असं नाही. पण ही माझी आई आहे, आणि ती एकटी आहे."

त्याने तंबाखू खाली सोडली आणि धुक्याकडे पाठ करून बसला. तोंड गुडघ्यांत घातलं. मी मात्र बघत राहिले.

मी तिला पाहिलं. खालच्या काठाने ती आली, शाल डोक्यावरून घेतलेली, उजवा पाय किंचित ओढत. दरडीपाशी थांबली. मला वाटलं, आता वळणार, परत मागे. तेवढ्यात धुकं दाटलं. ते विरळ झालं तेव्हा ती सरोवराच्या अंगाला निघाली होती, आणि ती एकटी नव्हती. दुसरं कुणीतरी होतं, उंच, सडपातळ, डोकं उघडं. ते पुढे नव्हतं. मागे होतं, दोन पावलं मागे, ठेचकाळत. त्याला काय ठाऊक आमची वाट? त्यांच्यासमोर पाणी होतं, तरी ती दोघं थांबली नाहीत. मग पुन्हा धुकं.

"गेली?" मामाने मान वर न करता विचारलं.

"गेली."

"एकटी?"

"नाही. तो आहे. पण मामा, तो वाट दाखवत नाहीये. तीच त्याला नेतेय. हाताला धरून."

मामाच्या तोंडून एक आवाज आला. तो हसतोय की रडतोय ते मला समजलं नाही. "हाताला धरून," तो म्हणाला. पुन्हा एकदा तेच म्हणाला. मग उठून गाडीकडे गेला, आणि परतीच्या वाटेवर अर्ध्या तासाने म्हणाला, "विहे, तोंड मीट. माशा आत जाऊन मरतायत."

घरी आल्यावर त्याने जागराला जेवलेल्या सगळ्यांना बोलावलं, पुन्हा जेवू घातलं आणि सगळं सांगितलं. कूनूआजोबांच्या हातात पीस ठेवलं. त्यांनी ते घेतलं. मामाशी मात्र ते पुढे कधी एक शब्द बोलले नाहीत. पुरुष त्याला हसायचे. जागर असला की तो बायकांत बसून मका सोलायचा. पण त्याला झोप लागायची. माझ्या आईने मला सांगितलं, वीस वर्षांत पहिल्यांदा तिला भिंतीपलीकडून त्याचं घोरणं ऐकू आलं. मरताना तो घाबरला नव्हता. "आई हाताला धरते," असं म्हणून गेला.

आणि मी साठ वर्षं नीट झोपलेली नाही.

कारण हात मी पाहिला नव्हता. शाल पाहिली, ओढलेला पाय पाहिला, मागे ठेचकाळणारा तो पोरगा पाहिला. त्यांच्यामध्ये दोन पावलांचं अंतर होतं आणि धुकं होतं. मामा गुडघ्यांत तोंड घालून बसला होता, आणि माझ्या तोंडून तो हाताचा शब्द निघून गेला. एकच शब्द पदरचा. तोच शब्द घेऊन मामा मरणाच्या वाटेला लागला.

अलीकडे सकाळी किटली चुलीवरून उतरवलेली दिसते. तंबाखूचा वास येत नाही, मामा ओढत नव्हता. बाकी घरात मी एकटीच आहे. काल मी दारात उभी राहिले आणि त्याला मोठ्याने सांगितलं, जेवढं पाहिलं तेवढंच. तो पोरगा मागे होता, मामा. दोन पावलं मागे. हात दिसला नाही.

आज सकाळी किटली पुन्हा खाली होती. उद्या परत सांगेन.