मुहूर्ताला वाजलेला चेलो

मित्रांनो, मी एक जुना चेलो आहे, आणि माझा कुणावरही चटकन विश्वास बसत नाही. आधीच सांगून टाकलेलं बरं. व्हायोलिन तुम्ही पाहिलं असेल. मी त्याच घराण्यातला, पण अंगानं थोराड. मला हनुवटीखाली धरता येत नाही. वाजवणारा खुर्चीत बसतो, मला गुडघ्यांमध्ये उभं करतो आणि छातीशी घेतो. त्यामुळे माणसाच्या छातीत काय चाललंय ते मला सगळ्यांत आधी कळतं. संशयाची सुरुवात तिथूनच होते.

माझी लाकडं दूरच्या थंड देशातली. एका म्हाताऱ्या कारागिरानं ती तासली, वाकवली आणि सरसानं सांधली. माझ्या अंगात खिळा नाही, सगळी भिस्त सरसावर. आणि चेन्नईची दमट हवा म्हणजे सरसाची वैरीण!

माझा आधीचा मालक कार्तिक. लग्नाच्या संध्याकाळच्या पार्ट्यांसाठी तो मला चेन्नईजवळच्या कोवलमला, समुद्रकाठी न्यायचा. पाहुणे हातात ग्लास घेऊन हिंडायचे आणि आमचा ताफा, म्हणजे दोन व्हायोलिनं, त्यांची थोरली बहीण व्हायोला आणि मी, कोपऱ्यात मंद मंद वाजत राहायचो. "वा, किती छान!" म्हणत लोक भजी उचलायचे. कौतुक आमचं की भज्यांचं, याची मला शंकाच असे. एकदा कार्तिकनं मला भर उन्हात मोटारीत ठेवलं. "हा आलोच," म्हणाला, आणि चांगला जेवून आला. तोवर माझ्या कुशीचा सांधा उकलला होता. वीणा दुरुस्त करणाऱ्या नारायणस्वामींनी तो सांधून दिला. पण तेव्हापासून कुणी माझ्याशी गोड बोलू लागलं, की मी आधी त्याच्या हातात मोटारीची किल्ली आहे का ते बघतो.

पुढे कार्तिक अमेरिकेला गेला आणि मी ऊर्मीकडे आलो. ताफ्यातली त्याची जागाही तिलाच मिळाली. ऊर्मी पुण्याची. तिचा नवरा हेरंब इथल्याच अंबत्तूरच्या एका कारखान्यात नोकरीला. ती मला छातीशी घ्यायची तेव्हा तिच्या छातीत गडबड नसायची, म्हणून मी थोडा विरघळलो होतो. मग अद्वयचा जन्म झाला आणि मी कपाटामागे गेलो. माझ्या खांद्यावर लंगोट वाळू लागले. बाळ झोपलं की ऊर्मी कधी कधी यायची, तारांवर नुसता हात ठेवायची आणि कुजबुजायची, "थांब हं राजा, जरा थांब." हे मला होतं की पाळण्यातल्याला, कोण जाणे!

एके दुपारी तिनं शिंप्याची टेप आणून माझं माप घेतलं. खांदे, कंबर, उंची. मग फोनवर आईला म्हणाली, "कापायला जीव होत नाही गं. पण कापतेच आता." मित्रांनो, माझ्या चारही तारा उतरल्या.

आणि त्याच आठवड्यात विजयलक्ष्मी आली. ही आमच्या ताफ्याची म्होरकी, पहिलं व्हायोलिन वाजवणारी. सोबत काळा, लांबट कीबोर्ड. बटणं दाबली की त्यातून माझ्यासारखा आवाज निघतो म्हणे.

"ऊर्मी, तुला सराव जमत नाही. बाळ आहे, मी समजू शकते. पण याचा आवाजही फाटतोय."

"अक्का, हवा दमट आहे ना. लाडात येतो तो."

"लाड नाही, म्हातारपण. अड्यारच्या लग्नात बघू. नीट वाजला तर ठीक. नाहीतर पुढच्या महिन्यापासून खालचे सूर कीबोर्डवर."

ऊर्मीनं मान हलवली. माझी जागा आणि तिची जागा आता त्या एका लग्नावर टांगलेली होती.

ते लग्न तंजावरकडच्या एका मराठी घरातलं. ही मंडळी पिढ्यान्‌पिढ्या तिकडचीच. बोलतात मराठी, पण हेल तमिळ. नवरी सुष्मिता हिनं आमचं वाजवणं एका पार्टीत ऐकलं होतं आणि हट्टच धरला, की इकडची लांब सनई, नादस्वरम्, नको, तिच्या जोडीचा ढोल, तवील, नको, हेच हवं. तिचे वडील कृष्णाजी ऊर्मीचं आडनाव ऐकून खूश झाले. "आपलीच मुलगी आहे," ते म्हणाले, "तिला विधींचं काय सांगायचं?" आणि कुणी काहीच सांगितलं नाही.

एकटी सुष्मिताची आजी, सईबाई, माझ्याच जातीची निघाली. संशयी. कार्यालयात आल्या आल्या तिनं मला काठीनं टोचलं.

"काय गे पोरी, एवढं थोर फिडल? आणि मेळवाले कोठे?"

"आजी, आम्हीच मेळवाले."

"हे वाजंल गे? की नुसतं कण्हंल?"

मला राग आला नाही. असा प्रश्न मीही विचारला असता.

विधी सुरू होण्याआधी विजयलक्ष्मीनं हळूच विचारलं, "ऊर्मी, आमच्याकडे ताळी, म्हणजे मंगळसूत्र, बांधताना सगळ्यांत मोठा आवाज लागतो. तुमच्यात?"

"आमच्यात तसं नसतं, अक्का. मंगलाष्टकं संपली, अक्षता पडल्या, की जोरात वाजवायचं. मग मंगळसूत्र वगैरे निवांत चालतं. तुम्ही कॉफी पिऊन या."

तिच्या छातीत तेव्हा कसलीही शंका नव्हती. मला मात्र ती तिथेच आली. एवढी खात्री कुणाला असली, की माझ्या कुशीचा सांधा ठणकतो.

मंगलाष्टकं झाली. अक्षता पडल्या. आम्ही जीव तोडून वाजलो आणि खरं सांगतो, माझा आवाज जराही फाटला नाही. विजयलक्ष्मीनं माझ्याकडे पाहून मान डोलावली. मग ताफ्यातल्या बाकीच्या तिघीजणी कॉफीला गेल्या. ऊर्मीनं गजाचे केस सैल केले. वाजवून झालं की गज सैल करायचा, ही आमची शिस्त. अद्वय हेरंबच्या मांडीवर झोपला होता.

इतक्यात भटजींनी मंगळसूत्र उचललं. नवरदेव राणोजी वाकला. आणि सगळा मांडव वळून आमच्याकडे बघू लागला.

सईबाई काठी टाकून उभी राहिली, तर्जनी उंच करून हलवू लागली. "गेट्टिमेळम्! गेट्टिमेळम्! वाजवा गे! गाठ बसताना कोणाची शिंक ऐकू नाही आली पाहिजे!"

पुढच्याच रांगेत नवरीचे संताजीमामा बसले होते. होमाच्या धुरानं त्यांचं नाक लाल झालेलं. तोंड उघडं, डोळे मिटलेले. शिंक दाराशी येऊन उभी! आणि मांडवात टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी शांतता.

ऊर्मीच्या छातीत असा धडाका मी कधी ऐकला नव्हता. सैल गज हातात घेऊन काय उपयोग? तिनं तो खाली टाकला, मला घट्ट मिठीत घेतलं, कानाशी पुटपुटली, "माफ कर रे राजा," आणि दोन्ही तळहातांनी माझ्या पोटावर थापा मारायला लागली. धडाम् धडाम् धडाधड! अधूनमधून चारही तारा एकदम खेचत होती. हिनं असं वाजवणं ऐकलं तरी कधी, मला माहीत नाही. शेजारच्या गल्लीतल्या वरातींतलं असेल. मी, थंड देशातला, पार्ट्यांत मंद वाजणारा, तवील होऊन गर्जत होतो. त्या गजरात गाठ बसली. संताजीमामा आठही दिशा हादरतील असे शिंकले, आणि ती शिंक फक्त त्यांच्या रुमालाला कळली.

माझ्या कुशीत 'कर्र' झालं. तेही कुणाला कळलं नाही. ऊर्मी सोडून. तिचा हात लगेच तिथे आला.

विजयलक्ष्मी कॉफीचा पेला घेऊनच धावत आली. "तुमच्यात असं नसतं म्हणालीस ना?"

"आमच्यात नसतंच, अक्का. यांच्यात असतं. मला वाटलं, मराठी म्हणजे सगळं आमच्यासारखंच." ऊर्मीचे तळहात लालबुंद झाले होते. "विचारायला हवं होतं मी."

सईबाई मला टोचायला आली. काठी उगारली आणि खाली घेतली. हातानंच थोपटलं. "कण्हलं नाही गे," एवढंच म्हणाली.

संध्याकाळच्या पार्टीत माझ्या जागी विजयलक्ष्मीनं सोबत आणलेला कीबोर्ड वाजला. मी उकललेल्या कुशीनं भिंतीला टेकून ऐकत होतो. संपलं, असंच वाटलं. निघताना ऊर्मीनं पिशवीतून काहीतरी काढलं आणि माझ्या अंगावर चढवलं. जाड, मऊ, आत कापूस भरलेली गोधडीची गवसणी. खांद्याला, कमरेला अगदी बेतशीर. तिच्या लग्नातल्या शालूची. कापायला जीव होत नव्हता तो हा! अद्वयच्या दुपारच्या झोपांमध्ये तिनं ती टाका टाका घालून शिवली होती, आणि मी कपाटामागे बसून तिच्यावर डोळे वटारत होतो.

नारायणस्वामींनी पुन्हा सरस लावला. पुढच्या महिन्यात विजयलक्ष्मी आली ती रिकाम्या हातानं. "कीबोर्डला असं बडवता आलं नसतं," म्हणाली आणि सरावाची वेळ अद्वयच्या झोपेवर ठरवून गेली.

तर मित्रांनो, घरातलं जुनं वाद्य जपायचं म्हणजे कपाटामागे ठेवून द्यायचं नव्हे. त्याला ऊन दाखवू नका, मोटारीत कोंडू नका, पण हात लावत जा. आणि ज्याच्या घरी वाजवायला जाल, तो आपलाच वाटला तरी आधी विचारा.

माझा संशयी स्वभाव काही गेलेला नाही. आता अद्वय रांगतो. आत्ताच तो माझ्यासमोर येऊन बसलाय, हातात वाटी, आणि माझ्या पोटाकडे फार प्रेमानं बघतोय. लक्षण काही ठीक दिसत नाही. पण मारू दे बापडा. सरस पक्का वाळलाय.