शंभरामागे तीन

इस्पितळाच्या धुलाई विभागात अकरा वर्षं चादरी इस्त्री करणाऱ्या बाईंना सगळे वहिनीच म्हणत, अगदी साहेबसुद्धा. पगारवाढीची पत्रं वाटली गेली तेव्हा वहिनींनी आपलं पत्र उघडलं, आकडा पाहिला आणि घडी घालून साहेबांच्या टेबलावर ठेवलं. शंभरामागे तीन.

"सही करा वहिनी, मागे रांग आहे."

"उद्या करते."

"वाढच आहे ना, कपात तर नाही?"

वहिनी इस्त्रीच्या यंत्राकडे वळल्या. घरी कार्डाचं बिल येऊन पडलेलं त्यांना ठाऊक होतं.

दोन वर्षांपूर्वी नवऱ्याच्या मालवाहू गाडीचं इंजिन बसलं. दुरुस्ती क्रेडिट कार्डावर केली. मग महिनाअखेरचा किराणाही कार्डावर येऊ लागला. दर महिन्याला किमान रक्कम भरायची आणि सुटलो म्हणायचं. संध्याकाळी वहिनींनी सगळी बिलं जेवणाच्या टेबलावर ओळीने मांडली.

"भरतोय की आपण," नवरा म्हणाला.

"भरतोय ते व्याज. शंभराला वर्षाचे चाळीस. मुद्दल जागचं हललेलं नाही. आणि माझा पगार वाढला तीनने."

तेवढ्यात बँकेतून फोन आला. पलीकडची मुलगी गोड आवाजात म्हणाली, "अभिनंदन, तुमच्या कार्डाची मर्यादा दुप्पट केली आहे."

"माझा पगार दुप्पट झाला का, बाळ?"

"ते आम्हाला कसं कळणार, मॅडम?"

"मग मर्यादा राहू दे. कार्ड बंद करा, उरलेल्या रकमेचे हप्ते पाडा, व्याज कमी करा आणि सगळं लेखी पाठवा."

मुलगी अडखळली. वरिष्ठांना विचारते म्हणाली. वहिनींनी तिचं नाव लिहून घेतलं आणि कात्रीने कार्डाचे चार तुकडे केले. नवऱ्याचा चेहरा उतरला. "अडीनडीला काय करायचं?"

"अडीनडीला कार्ड, हीच तर अडचण आहे आपली."

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत त्यांनी सगळ्यांना सरळच विचारलं, "कोणाकोणाच्या डोक्यावर कार्डाचं कर्ज आहे?"

सगळे डब्यात बघत राहिले. कर्जाची गोष्ट कोण चारचौघांत काढतं? मग बॉयलर सांभाळणारे काका उठले आणि त्यांनी खिशातून तीन कार्डं काढून बाकावर टाकली. "तिसऱ्याने दुसऱ्याचं फेडतो," ते म्हणाले. कोणीतरी हसलं आणि मग एकेकाचं तोंड उघडलं. घड्या घालणाऱ्या दोघी तर बहिणी होत्या. कार्डाचं दोघींनी एकमेकींपासून लपवलं होतं.

आदल्या दिवशी वहिनींचं पाहून रांगेतले थांबले होते; आता विभागातल्या सतरा जणांपैकी एकानेही पत्रावर सही केली नाही आणि सगळ्यांनी शंभरामागे दहा मागितले. शिवाय पाळी संपल्यावर रोज अर्धा तास फुकट थांबायची पद्धत होती, तीही त्यांनी मोडली. पाळी संपली की सगळे निघाले.

तिसऱ्या दिवशी वॉर्डांतून चादरींसाठी फोन सुरू झाले. साहेबांनी वहिनींना बोलावलं.

"तुम्ही लोकांना भडकवताय."

"मी फक्त विचारलं. ज्यांना भडकायचं ते पगारपत्रक बघून भडकले."

"कामावरून काढू शकतो मी."

"काढा. चादरी कोण धुणार, तेवढं आधी ठरवा."

साहेबांनी वरच्यांना फोन लावला. दहा मागितले होते, शंभरामागे आठ मिळाले आणि अर्ध्या तासाचे पैसे वेगळे. वहिनींना मात्र इस्त्रीवरून ओल्या विभागात टाकलं. तिथे भिजलेल्या चादरींचे गठ्ठे उचलायचे. शिक्षा होती हे सगळ्यांना कळलं, काकांनी साहेबांच्या तोंडावर तसं म्हटलंही, पण बदली टळली नाही.

आठवड्याने बँकेचं पत्र आलं: कार्ड बंद, व्याज निम्म्याहून कमी, तीन वर्षांचे हप्ते. नवऱ्याने ते दोनदा वाचलं. मग म्हणाला, "पाठीला झेपेल का ते काम?"

"नाही झेपत. कालपासून दुखतेय."

"मग?"

"मग गप्प बसायचं का?"

सकाळी वहिनींनी बदलीविरुद्धचा अर्ज साहेबांसमोर ठेवला. साहेबांनी तो बाजूला सारला. वहिनी खुर्ची ओढून बसल्या आणि पोच मिळेपर्यंत हलल्या नाहीत.