खिशातली किल्ली

रेणूला प्रकाशाचा एवढा जोर दिला की त्याने इलेक्ट्रॉन बाहेर फेकायलाच हवा. पण काही रेणू फेकत नाहीत. सगळी ऊर्जा पोटात ठेवून आतल्या आत त्यांचे दोन तुकडे होतात. तुकड्यांवर विद्युतभार नसतो, म्हणून आमच्या मोजणीयंत्राला त्यांचा पत्ताही लागत नाही. जपानमधल्या त्सुकुबाच्या प्रयोगशाळेत माझी उमेदीची वर्षं या बेपत्ता तुकड्यांमागे गेली. मी मिनोबे सरांची, म्हणजे आमच्या सेन्सेईंची, सहायक. त्यांच्याआधी घरी जायचं नाही आणि त्यांच्या शब्दाशिवाय नोकरी बदलायची नाही, ही आमच्याकडची रीत.

सापोरोच्या विद्यापीठाने मला जागा देऊ केली होती. होकार संध्याकाळी पाचपर्यंत कळवायचा होता. दुपारी मी धीर करून म्हणाले, "सेन्सेई, मी सापोरोला जाते."

त्यांनी मान वर केली नाही. "थंडी फार तिथे. आधी अॅसिटिलीनची मोजणी संपव, कुझुहारा."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी बाहेर पडले आणि तरातरा बस थांब्यावर आले. होकार कळवायला फोन काढावा म्हणून खिशात हात घातला, तर हाताला किल्ली लागली.

प्रयोगाच्या खोलीत जाणाऱ्याने दाराची आपली किल्ली सोबत ठेवायची असते. ती जागेवर परत बसेपर्यंत आत माणूस आहे असं धरतात आणि प्रकाशाचा झोत सुरूच होत नाही. म्हणजे मी रस्त्यावर आणि यंत्राच्या लेखी मी आतच! वर्षभर वाट पाहून मिळालेली झोताची पाळी माझ्या खिशापायी वाया चालली होती. मला स्वतःचाच संताप आला. तरी पाय मागे वळले.

सरांनी माझ्यासाठी ओनिगिरी, भाताचा गोळा, झाकून ठेवली होती. "आलीस? वाटलंच होतं मला," म्हणत त्यांनी किल्ली घेतली आणि स्वतःच्या हाताने जागेवर बसवली. झोत सुरू झाला. सापोरोचं नाव त्यांनी काढलं नाही. ते भांडले असते तर मी सुटले असते. तो भात मी पुन्हा झाकून ठेवला.

पाच वाजले, मग सव्वापाच. फोन खिशातच होता. मोजणीयंत्राच्या पडद्यावरची रेघ सपाट पडली होती.

"बघ," सर म्हणाले, "इथे काहीच घडत नाहीये."

"घडतंय, सेन्सेई," मी म्हणाले. "बाहेर काही येत नाहीये, एवढंच."