एर्मेलीनच्या वाटेवरचं सहा फुटी पातं

मी सहा फुटी पातं बोलतोय. दाढीचं नव्हे. छोट्या ट्रॅक्टरच्या मागे मला अडकवतात आणि घरापुढच्या वाटेवरचा बर्फ माझ्याकडून सारून घेतात. अमेरिकेतल्या मेन राज्याच्या उत्तर टोकाला, सेंट जॉन नदीच्या काठी माझा मुक्काम आहे.

जाड पत्रा वाकवून, खालच्या कडेला पोलादी पट्टी ठोकून मला घडवलं. माझा पहिला मालक बटाट्याची शेती करायचा. त्याने मला एका दगडावर आपटून माझा उजवा कोपरा वाकवला. शेती सोडताना त्याने मला विक्रेत्याच्या आवारात आणून टाकलं. तिथे येणारी माणसं मला बुटाच्या टोकाने टोचायची आणि पुढे जायची. लोखंडाला टोचून त्यांना काय कळतं, ते मला अजून उमगलेलं नाही.

एका ऑक्टोबरात एर्मेलीन तिच्या दिराबरोबर, ओनेझिमबरोबर आली. तिच्या नवऱ्याची, लेआंद्रची, मूत्रपिंडं निकामी झाली होती. त्याला डायलिसिसला न्यायला दवाखान्याची गाडी एक दिवसाआड यायची. घर रस्त्यापासून बरंच आत. वाट मोकळी नसेल तर गाडी आत येणार नव्हती, आणि लेआंद्रला रस्त्यापर्यंत चालवणार नव्हतं. इतकी वर्षं बर्फ तोच काढायचा. आता ट्रॅक्टरवर एर्मेलीनला बसायचं होतं.

ओनेझिमला पुढे लावायचं पातं पसंत होतं. मागे लावलं तर सारखं वळून बघावं लागतं, असं त्याचं म्हणणं. "वहिनी, मार्चपर्यंत तुमची मान घुबडासारखी फिरायला लागेल," तो म्हणाला.

"फिरू दे. निदान तुम्ही मागून काय बोलता ते तरी दिसेल," ती म्हणाली.

पुढच्या पात्याला लागणारी जड चौकट तिच्या ट्रॅक्टरला पेलणार नाही, हे विक्रेत्यानेच सांगितलं. मग त्याने एक कोरं पाच फुटी पातं दाखवलं. एर्मेलीनने पिशवीतून कपडे वाळत घालायची दोरी काढली. ट्रॅक्टरच्या मागच्या दोन चाकांची रुंदी तिने घरीच त्या दोरीवर गाठी मारून आणली होती. बर्फ कडेला सारायचा तर पातं तिरपं करावं लागतं, आणि तिरपं केलं की त्याची रुंदी कमी होते. पाच फुटी पातं तिरपं केल्यावर गाठींच्या आत राहिलं. म्हणजे पुढे जाणाऱ्या चाकांनी दाबलेला बर्फ तसाच मागे राहिला असता. मी मात्र तिरपा होऊनही गाठींच्या बाहेर उरलो. वाकड्या कोपऱ्यासकट तिने मला घरी नेलं.

डिसेंबरात बर्फ पडू लागला. एर्मेलीन हळू चालवायची, पण काम नेटकं करायची. गाडी मावेल एवढी वाट, दोन्ही कडा सरळ. लेआंद्र खिडकीत बसून बघायचा. ती आत आली की तो कुट्टूच्या पिठाच्या धिरड्याला लोणी लावून तिच्यापुढे ठेवायचा. वाटेबद्दल तो अवाक्षर काढत नसे.

चूक मला दिसत होती, पण पात्याला कोण विचारतं? कडेला सारलेला बर्फ तिथेच गोठायचा. पुढच्या वेळचा त्याला चिकटून बसायचा. फेब्रुवारीत दोन्हीकडे कमरेएवढ्या भिंती झाल्या आणि मधली वाट अरुंद होत गेली. एका रविवारी गाडीचे आरसे भिंतींना घासले. चालकबाई शांतपणे म्हणाल्या की मंगळवारपर्यंत वाट रुंद झाली नाही, तर त्या रस्त्यावरूनच परत जातील.

त्या संध्याकाळी एर्मेलीन ट्रॅक्टरवरून उतरलीच नाही. लेआंद्र काठी टेकत दारापर्यंत आला.

"पहिल्याच बर्फाला दुप्पट रुंद सारायचं असतं. पार गवतावर," तो म्हणाला.

"हे तुला तेव्हाच दिसत होतं?"

"दिसत होतं."

"मग बोलला का नाहीस?"

"खुर्चीत बसून हुकूम सोडणारा नवरा तुला हवा होता?"

"मला मंगळवारी गाडीत बसलेला नवरा हवाय," ती म्हणाली. मग हळूच, "आता सांग. काय करू?"

त्याने सांगितलं. दुसऱ्या दिवशी तिने चाकांना साखळ्या बांधल्या, मला जागेवर धरणारी खीळ काढून माझं तोंड पूर्ण मागे फिरवलं आणि ट्रॅक्टर मागे घेत भिंतीवर घातला. भिंत हलली नाही, चाकंच घसरली. मग ओनेझिम पहार घेऊन आला. तो ढेकळं फोडायचा, मी ती ढकलायचो, आणि लेआंद्र दारातून "अजून मागे, अजून" म्हणत राहायचा. त्या दिवशी तो पोटभर बोलला. ओनेझिम म्हणाला, "दादा, तुझी बोलती बंद होती तेच बरं होतं."

मंगळवारी गाडी आत आली. आरसे कुठेही घासले नाहीत.

उन्हाळाभर मी गोठ्यामागे दोन ओंडक्यांवर पडून होतो. एर्मेलीनने मी गवतात उडवलेली खडी दाताळ्याने ओढून पुन्हा वाटेवर आणली, तोंडाने माझा उद्धार करत. मी ऐकून घेतलं.

आज या हिवाळ्याचा पहिला बर्फ पडला. केरसुणीने झाडता येईल इतकाच. तरी लेआंद्रने सकाळीच सांगून टाकलं, आणि एर्मेलीनने मला जोडून तेवढाही बर्फ पार गवतावर नेऊन लोटला. ओनेझिम रस्त्यावरून चालला होता. इथे काढण्यासारखं आहे तरी काय, असं त्याने विचारलं.

"पुढच्या बर्फाला जागा करतेय," ती म्हणाली.

तुम्हीही कधी पातं निवडायला गेलात तर ते तिरपं करून मोजा, आणि वाकड्या कोपऱ्यावरून नाकारू नका. एवढंच मागणं. आता थांबतो. गाडी वळणावर दिसतेय, आणि आम्हाला वाटेतून बाजूला व्हायचंय.