‘जुनं’ फोल्डरमधला दरवान

कॉम्प्युटरवरचे खेळ बनवणाऱ्या एका छोट्या कंपनीत धाकटी खेळ चालवणाऱ्या सूचना, म्हणजे स्क्रिप्ट, लिहायची. दार कधी उघडायचं, राक्षस कधी चिडायचा, कोण काय बोलायचं, हे सगळं तिच्या हातात. घरातलं ‘धाकटी’ हे नाव ऑफिसातही चिकटलं होतं.

त्या दिवशी तिनं आवाजाच्या फाइली कुठं शोधायच्या ते स्क्रिप्टला सांगितलं. फोल्डरांची नावं ओळीनं द्यायची. स्क्रिप्ट वरून शोधत येते आणि हवी ती फाइल जिथं आधी सापडेल तिथंच थांबते. ‘जुनं’ नावाचं फोल्डर धाकटीनं तळाशी टाकायचं ते चुकून सगळ्यात वर टाकलं.

दुपारी साहेबांनी सगळ्यांसमोर खेळ लावला. किल्ल्याच्या दारात दरवान आडवा आला. त्याला एका नटाचा भारदस्त आवाज दिला होता. पण तो भलत्याच आवाजात म्हणाला, “कोण रे तू? भर उन्हाचं काय काम काढलंस? पाय पूस आधी!”

एकच हशा पिकला.

“हा कोण?” साहेबांनी विचारलं.

“बाबा. नट मिळेपर्यंत त्यांच्याकडून बोलून घेतलं होतं.”

“झकास बोलतात की!”

“बोलायचे,” धाकटी म्हणाली. “घशाचं ऑपरेशन झालं. आता पाटीवर लिहितात.”

साहेबांनी घसा खाकरला, आणि खाकरल्याबद्दल ते ओशाळले. “मग हाच आवाज ठेवू या का?”

“नको. नट चांगला आहे.”

तिनं फोल्डरांचा क्रम बदलला. नट पुन्हा बोलू लागला. घरच्या लॅपटॉपवर मात्र तिनं ‘जुनं’ वरच राहू दिलं.

संध्याकाळी तिनं खेळ बाबांपुढे ठेवला. बाबा खेळातल्या किल्ल्याच्या दाराशी गेले. दरवानानं हटकलं. ते मागे फिरले, पुन्हा गेले. पुन्हा हटकलं. बाबांच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही.

“अहो, कुणावर ओरडताय?” म्हणत आई स्वयंपाकघरातून आली आणि दारातच थबकली. आपण काय विचारलं ते तिच्या आत्ता ध्यानात आलं.

दरवान तेवढा बोलत होता.

“किती ताटकळत ठेवायचं त्या बिचाऱ्या पाहुण्याला?” आई शेवटी म्हणाली. “आत सोडा की.”

बाबांनी पाटीवर लिहिलं, ‘दरवान त्याचं काम करतोय.’

आईनं ते वाचलं, ओले हात पुसले आणि खुर्ची ओढली.

“सरका,” ती म्हणाली. “आता मी जाते दाराशी.”